बारशाच्या संध्याकाळी बाळ एवढं का रडतं? 'ओव्हरस्टिम्युलेशन' म्हणजे काय, आणि नागपूरच्या आवाजाचा त्याच्याशी काय संबंध?

बारशाच्या दिवशी सकाळपासून बाळ अगदी शहाण्यासारखं असतं. पाळण्यात घालताना डोळे टक्क उघडे. आत्या कानात नाव सांगते, तिच्या पाठीत धपाटे बसतात, हॉलमध्ये हशा पिकतो, तरी बाळ चूप. मग ते या हातातून त्या हातात फिरतं. मावशी, काकू, शेजारच्या आजी, बाबांचे ऑफिसातले मित्र. प्रत्येकाला फोटो हवा असतो आणि प्रत्येक फोटोत बाळाने कॅमेऱ्याकडे बघायला हवं असतं.

संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला ते रडायला लागतं आणि थांबतच नाही. दूध दिलं तर तोंड फिरवतं. लंगोट कोरडा आहे. कुणी म्हणतं पोटात दुखतंय, कुणी म्हणतं लेकराला नजर लागली. आजी मीठ-मोहरी उतरवते, बाळाला आतल्या खोलीत नेते, दार लोटते, दिवा मालवते. पंधरा-वीस मिनिटांत बाळ झोपतं. श्रेय मीठ-मोहरीला जातं.

काम मात्र बंद दाराने केलेलं असण्याची शक्यता जास्त आहे.

बालविकासाच्या क्षेत्रात या प्रकाराला 'ओव्हरस्टिम्युलेशन' म्हणतात. हा शब्द गेल्या काही वर्षांत इन्स्टाग्रामवरच्या पालकांच्या रील्समध्ये इतका फिरतोय की त्याचा अर्थच पातळ झालाय. बाळ जांभई दिलं की ओव्हरस्टिम्युलेशन, उचकी लागली की ओव्हरस्टिम्युलेशन. दुसरीकडे अनेक घरांत हा प्रकार असतो हेच ठाऊक नाही आणि दमलेल्या बाळाला गप्प करण्यासाठी आणखी एक खुळखुळा वाजवला जातो.

हा आजार आहे का?

नाही. ओव्हरस्टिम्युलेशनची कोणतीही रक्त तपासणी नाही आणि तो डॉक्टरांच्या कागदावर लिहिला जाणारा आजारही नाही. आवाज, उजेड, स्पर्श, वास, हालचाल, चेहरे यांचा मारा बाळाच्या मेंदूला झेपेल त्यापेक्षा जास्त झाला, की ते बिथरतं. या अवस्थेला दिलेलं हे कामचलाऊ नाव आहे.

मोठ्या माणसाकडे पळवाटा असतात. लग्नात डीजेसमोर उभं राहणं असह्य झालं की माणूस पानाच्या ठेल्यावर जाऊन येतो. तीन महिन्यांच्या बाळाला उठून जाता येत नाही, कान झाकता येत नाहीत, 'आता पुरे' म्हणता येत नाही. त्याच्याकडे दोनच गोष्टी आहेत. तोंड फिरवणं आणि रडणं. पहिली कुणी पाहिली नाही, तर ते दुसरीवर येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला दिवसभरात १४ ते १७ तास झोप लागते. म्हणजे जागेपणाचे उरतात सात ते दहा तास. त्यातला मोठा वाटा दूध पिण्यात, लंगोट बदलण्यात, तेल लावण्यात आणि अंघोळीत जातो. बाळ शांत, जागं आणि आजूबाजूला बघायला उत्सुक आहे असा वेळ पहिल्या काही आठवड्यांत खूप थोडा असतो. बारशाला आलेल्या साठ पाहुण्यांत तो वाटायचा म्हटलं तर हिशेब जमत नाही.

बाळ आधी डोळ्यांनी सांगतं

अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९७३ मध्ये नवजात बाळांचं वर्तन तपासण्याची एक पद्धत मांडली. आजही ती जगभर वापरली जाते. त्यात एक साधी चाचणी आहे. झोपलेल्या बाळाच्या डोळ्यांवर टॉर्चचा उजेड टाकायचा, खुळखुळा वाजवायचा, घंटी वाजवायची, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. पहिल्या वेळी बाळ दचकतं, दुसऱ्या वेळी थोडं कमी, पाचव्या-सहाव्या वेळी बहुतेक बाळं प्रतिसाद देणं सोडतात. म्हणजे निरोगी बाळाला नको असलेली गोष्ट बाहेर ठेवता येते. पण प्रत्येक बाळाची ही ताकद वेगळी असते, आणि ती अमर्याद नसते.

त्यामुळे वरातीत एक वाक्य हमखास कानावर येतं, 'बघा, एवढा डीजे वाजतोय तरी कसं गाढ झोपलंय', त्याकडे जरा सावधपणे बघायला हवं. बाळाला आवाजाचा त्रास होत नाही असा त्याचा अर्थ असेलच असं नाही. कधी कधी ते मारा सहन न होऊन 'शटर बंद' करतं. अशी झोप बऱ्याचदा घरी आल्यावर, शांतता झाल्यावर मोडते, आणि मग रात्री दीडपर्यंत रडारड चालते. घरच्यांना कोडं पडतं की तिथे तर मस्त होतं, इथे काय झालं!

रडण्याआधीच्या खुणा अशा. सुरुवात नजरेपासून होते. बाळ तुमच्याकडे बघतं, बघतं, आणि मान वळवून भिंतीकडे बघायला लागतं. हा नकार नसतो, ती विश्रांती असते. काही सेकंदांनी ते स्वतःहून परत वळतं. न वळू दिलं, म्हणजे 'इकडे बघ, इकडे बघ' म्हणत चुटक्या वाजवल्या, हनुवटी धरून चेहरा फिरवला, तर पुढची पायरी येते. जांभया, शिंका, उचक्या. हाताची बोटं पंख्यासारखी फाकतात किंवा मुठी घट्ट आवळल्या जातात. पाठ ताणून मागे रेलतं. कपाळावर आठ्या पडतात, नजर काचेसारखी स्थिर होते, कधी अंगावर लालसर-पांढुरके चट्टे उठल्यासारखे दिसतात. त्यानंतर भोकाड.

यातली कोणतीही एक खूण सुटी धरायची नाही. दूध प्यायल्यावर आलेली उचकी ही फक्त उचकी असते आणि जांभई बहुतेक वेळा झोपेचीच असते. तीन-चार खुणा एकदम दिसल्या आणि आसपास गर्दी, उजेड, आवाज असेल तर अंदाज बांधायचा. 'तुमच्या बाळात ही ५ लक्षणं आहेत का?' अशा रील्स बघून आई घाबरते ते याच कारणाने. तिथे संदर्भ नसतो.

या मान वळवण्यावर एक जुना आणि बोलका अभ्यास आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॅनियल स्टर्न यांनी १९७१ मध्ये एका आईचं आणि तिच्या साडेतीन महिन्यांच्या जुळ्या मुलांचं खेळणं चित्रित करून त्याचा एकेक क्षण तपासला. आई एक, मुलं एकाच वयाची. एकाशी तिचं सूत जुळत होतं. त्याने नजर काढली की तीही थांबायची. दुसऱ्याशी मात्र उलट होत होतं. तो मान वळवायचा तेव्हा ती आणखी जवळ जायची, तो आणखी वळायचा. एकाच कुटुंबावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, आणि त्या आईला दोष देण्याचंही कारण नाही. ती दोघांवर सारखंच प्रेम करत होती. एकाची 'थांब' ही खूण तिला दिसत होती, दुसऱ्याची दिसत नव्हती, इतकंच.

सगळं रडणं ओव्हरस्टिम्युलेशनचं नसतं

ब्रेझल्टन यांनीच १९६२ मध्ये ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी त्यांच्या आयांकडून ठेवून घेतल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात बाळं दिवसाला साधारण पावणेदोन तास रडत होती. सहाव्या आठवड्यात हा आकडा पावणेतीन तासांवर गेला आणि मग हळूहळू उतरला. रडण्याचा जोर संध्याकाळी जास्त होता. ही निरोगी, पोटभर दूध पिणारी बाळं होती.

म्हणजे सहा आठवड्यांचं बाळ संध्याकाळी रडतंय याचा अर्थ तुमचं काही चुकलं असा होत नाही. घर कितीही शांत ठेवलं तरी काही रडणं होणारच. दिवसभराचा मारा त्यात भर घालतो, एवढं म्हणता येईल.

इथे विदर्भाशी जोडलेली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचं मॉडेल उभं केलं. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष 'द लॅन्सेट'मध्ये आले आणि पुढे ते देशभर आशा कार्यकर्तींमार्फत राबवलं गेलं. त्या वेळापत्रकानुसार दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. ४२ वा दिवस म्हणजे बरोबर सहावा आठवडा, रडण्याचा कळस. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. त्या सहाव्या भेटीत वजन, ताप, लसीकरण बघितलं जातंच. 'बाळ किती रडतं, आणि ते रडतं तेव्हा तुम्ही काय करता' हा प्रश्नही त्याच दिवशी विचारला जायला हवा, कारण चिडलेल्या, झोप न झालेल्या पालकाच्या हातून बाळ गदागदा हलवलं जाण्याचा धोका याच काळात सर्वाधिक असतो. तसं हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, बाळ दगावू शकतं. रडणं असह्य झालं तर बाळाला पाठीवर, सपाट आणि सुरक्षित जागी ठेवून पाच मिनिटं खोलीबाहेर जाणं हा निष्काळजीपणा नाही.

नागपूरचा आवाज, डेसिबलमध्ये

आवाजाचं मोजमाप जरा फसवं असतं. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. ४५ वरून ८५ डेसिबल म्हणजे 'जवळपास दुप्पट' नव्हे, तर दहा हजारपट ऊर्जा.

आता हे आकडे बघा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने १९९७ मध्ये नवजात अतिदक्षता कक्षातला आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये असं सांगितलं. भारताच्या ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. म्हणजे कागदावर नागपूरची कोणतीही निवासी गल्ली रात्री दहानंतर नवजात कक्षाइतकी शांत असायला हवी. महालातल्या, इतवारीतल्या किंवा वर्धा रोडला लागून राहणाऱ्या कुणालाही हे वाक्य वाचून हसू येईल.

शहराचं एक वैशिष्ट्य असं की ध्वनिप्रदूषण मोजणारी, शहरांचे 'ध्वनि नकाशे' बनवणारी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, नागपुरातच आहे. आवाज मोजण्यासाठी तिने 'नॉइज ट्रॅकर' नावाचं मोबाइल अॅपही काढलंय. फोनवरचं मोजमाप अगदी अचूक नसतं, पण पाळणा कुठे ठेवायचा हे ठरवायला पुरेसं असतं.

नागपुरी घरातला आवाजाचा एक मोठा स्रोत तर घरातच बसलेला असतो. कूलर. एप्रिल ते जून पारा ४५ च्या आसपास गेला की लोखंडी कूलर चोवीस तास घरघरतो. तो बंद करा असं सांगणं अघोरी ठरेल, कारण उकाड्यात बाळाला त्याहून जास्त त्रास होतो आणि उन्हाळ्यातली बरीच चिडचिड ही खरं तर गरम होण्याची असते. पण कूलरच्या तोंडासमोरचा पाळणा खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला, थेट झोत टाळला, पंख्याचा वेग एक घर कमी केला तर फरक पडतो. एकसुरी घरघर बाळाला अचानक वाजणाऱ्या आवाजापेक्षा सोपी जाते हेही खरं. दचकवतात ते प्रेशर कुकरच्या शिट्ट्या, दाराची बेल, मिक्सर आणि गल्लीतून जाणारा सायलेन्सर काढलेल्या बुलेटचा फटका.

मग सण-समारंभ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबत मिरवणूक, गणेशोत्सव, लग्नांच्या वराती, दिवाळीचे फटाके. हा शहराचा आनंद आहे आणि तो बाळ झालं म्हणून कुणी सोडणार नाही. मारबत दाखवायला लेकराला खांद्यावर नेण्याची हौस पिढ्यान् पिढ्यांची आहे. प्रश्न वयाचा आणि अंतराचा आहे. मोकळ्या जागेत एका ठिकाणी असलेल्या स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पहिल्या तीन-चार महिन्यांत मिरवणुकीच्या वाटेवर उभं न राहता दूरच्या गच्चीवरून बघणं आणि बाळ मागच्या खोलीत ठेवणं जमण्यासारखं आहे. कानात कापसाचे बोळे घालण्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि सुटलेला बोळा बाळाच्या तोंडात जाऊ शकतो. लहान बाळांसाठी कान झाकणारे इअरमफ मिळतात, ते थोडा वेळ चालतील, पण डीजेच्या भिंतीजवळ उभं राहण्याचा तो परवाना नव्हे.

पण सरकारच तर 'बाळाला उत्तेजन द्या' म्हणतंय?

हा गोंधळ खरा आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 'नवचेतना' नावाचा आराखडा आणला. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांशी बोलावं, गावं, खेळावं, अशा कृती त्यात अंगणवाडी सेविका आणि पालकांसाठी दिल्यात. त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. ज्या बाळाशी कुणी बोलत नाही, ज्याला कुणी उचलून घेत नाही, त्याची वाढ मागे पडते. भारतातल्या लाखो घरांत अडचण ही कमी उत्तेजनाचीच आहे, आणि ओव्हरस्टिम्युलेशनच्या धास्तीने बाळाशी बोलणंच कमी केलं तर ते अधिक नुकसानीचं.

त्यामुळे 'किती' हा प्रश्न मोठ्यांनी घड्याळ लावून सोडवायचा नाही. तो बाळाने सोडवायचा आहे. ते बघतंय, हुंकार देतंय, पाय मारतंय, तोवर बोला. मान वळवली की थांबा. परत वळलं की परत बोला. जागतिक आरोग्य संघटना याला प्रतिसादी संगोपन म्हणते. यासाठी एक रुपयाचंही खेळणं लागत नाही.

बाजार मात्र वेगळं सांगतो. दिवे लागणारं, गाणी म्हणणारं, फिरणारं झुंबर. 'मेंदूच्या विकासासाठी' काळ्या-पांढऱ्या आकृत्या नाचवणारे यूट्यूब व्हिडिओ. पहिल्या काही आठवड्यांत बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं बरं दिसतं. दूध पिताना आईचा चेहरा असतो तेवढंच ते अंतर. ठळक आकृती बाळाला आवडते हे खरं, पण म्हणून ती स्क्रीनवर पळवण्याची गरज नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सची सूचना स्पष्ट आहे. दोन वर्षांच्या आत कोणताही स्क्रीन नको, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल हा एकच अपवाद. पुण्या-मुंबईत किंवा अमेरिकेत असलेल्या आजोबांनी नाराज व्हायचं कारण नाही.

आणि बाळ बघत नसलं तरी चालू असलेला टीव्ही? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३२९ मुलांच्या अंगावर छोटी रेकॉर्डर लावून घरातलं बोलणं मोजलं. ऐकू येणाऱ्या टीव्हीच्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द ७७० ने कमी झाले. म्हणजे टीव्हीने गोंगाट वाढवला आणि कामाचं बोलणं घटवलं, दोन्ही एकदम.

झोपवण्यासाठी फोनवर लावायच्या 'व्हाइट नॉइज'चंही तसंच. २०१४ मध्ये 'पेडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात बाळांना झोपवणाऱ्या १४ आवाज-यंत्रांची तपासणी छापून आली. पूर्ण आवाजात, ३० सेंटिमीटरवरून, त्यातली तीन ८५ डेसिबलच्या वर गेली. हा आवाज कारखान्यातल्या कामगाराला दिवसभर ऐकवायलाही जास्त मानला जातो. लावायचाच असेल तर फोन उशीशेजारी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, अगदी हळू, आणि बाळ झोपलं की बंद.

सव्वा महिन्याच्या रिवाजात काय होतं?

जुन्या रीतीत सगळंच टाकाऊ नव्हतं. बाळंतिणीची खोली वेगळी, तिथे उजेड कमी, माणसांची ये-जा मोजकी, सव्वा महिना बाहेर पडायचं नाही. या रिवाजात विटाळाची कल्पना होती, बाईला कोंडण्याचा भाग होता, तो जायलाच हवा. पण बाळाच्या बाजूने पाहिलं तर पहिले सहा आठवडे त्याच्यावर पडणारा मारा त्यातून आपोआप आवरला जायचा. आज प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांत घरी, दहाव्या दिवशी फोटोशूट, बाराव्या दिवशी हॉल घेऊन बारसं. खोलीची बंधनं गेली ते बरंच झालं, पण त्यासोबत शांतताही गेली.

मालिश आणि अंघोळीचंही असंच दुहेरी आहे. हलक्या हाताचं तेल, कोमट पाणी, मऊ कापड, लगेच दूध आणि झोप, हे उत्तम. जोरजोरात अंग रगडणं, पाय उलटसुलट ताणणं, बाळ किंचाळत असताना 'रडलं की छाती मोकळी होते' म्हणत चालू ठेवणं, आणि शेवटी शेगडीची धुरी, हे बाळासाठी एकामागोमाग एक धक्के असतात. धूर तर त्याच्या फुफ्फुसालाही वाईट. दृष्ट काढताना मिरच्या जाळायच्या असतील तर अंगणात जाळा.

एका खोलीच्या घरात 'शांत खोली' कुठून आणायची हा रास्त प्रश्न आहे. तिथे कोपरा चालतो. खिडकीपासून लांब, टीव्हीकडे पाठ, मध्ये दोरीवर टाकलेली जाड चादर, तीही बाळाच्या हाताला लागणार नाही आणि हवा अडणार नाही अशी. बाळाचा चेहरा कापडाने झाकायचा नाही. बिथरलेल्या बाळाला छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून धरलं आणि स्वतः गप्प बसलं, तर बहुतेक वेळा निवतं. हे वडिलांनाही जमतं. झोका द्यायचा असेल तर संथ. झोका, गाणं, थोपटणं, खुळखुळा हे चारही एकदम सुरू करणं म्हणजे आगीत तेल. एका वेळी एक.

वेळेआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांना हे सगळं अधिक लागू पडतं, त्यांचा मेंदू तयार होण्याआधीच त्यांना गोंगाटात यावं लागलेलं असतं. अंगाला अंग लावण्याची 'कांगारू' पद्धत त्यांच्यासाठी औषधाइतकी महत्त्वाची आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या एका चाचणीत जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी आढळले. तो अभ्यास मृत्यूचा होता, रडण्याचा नव्हता. पण आईच्या छातीवर उजेड कमी, आवाज ओळखीचा आणि ऊब पुरेशी असते, हे त्यातून वेगळं सांगायला नको.

डॉक्टरांकडे कधी?

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप, दूध पूर्ण नाकारणं, नेहमीपेक्षा वेगळं कर्कश रडणं, हिरवी उलटी, फुगलेली टाळू, निळसर ओठ, झटके, किंवा हलवूनही जागं न होणारी सुस्ती. यातलं काहीही असेल तर 'आज फार पाहुणे आले होते' असं स्वतःला समजावत बसू नका. दवाखाना गाठा, गरज पडली तर १०८ ला फोन करा. शांत, अंधाऱ्या खोलीत नेऊनही तासन् तास रडणं थांबत नसेल तरीही दाखवून घ्या. अधूनमधून नजर वळवणं सामान्य आहे. मात्र तीन महिन्यांचं झालं तरी बाळ चेहऱ्याकडे बघतच नसेल, हसत नसेल, आवाजाला दचकत नसेल तर ती गोष्ट पुढच्या लसीकरणाच्या दिवशी बोलून दाखवा.

आणि झोपवण्यासाठी सर्दीचं सिरप नको. 'थोडं दिलं की शांत झोपतं' हा सल्ला अजूनही फिरतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित कफ सिरपमुळे लहान मुलं दगावली, त्यातल्या अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार चालू होते. त्या मुलांना सिरप खोकल्यासाठी दिलं होतं, झोपेसाठी नव्हे. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, असं पुन्हा बजावलं.

गल्लीतल्या डीजेचं काय करायचं?

घरातला टीव्ही तुमच्या हातात आहे, बाहेरचा स्पीकर नाही. तिथे कायदा उपयोगी पडू शकतो. नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. दिवसा मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर तक्रार करता येते, म्हणजे निवासी भागात ६५ डेसिबलपासून पुढे. 'दिवसा काहीही वाजवता येतं' हा समज चुकीचा आहे.

रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र होतात असंही अनेकांना वाटतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तसं राहिलेलं नाही. राज्य सरकारने जाहीर केलं तरच ते शांतता क्षेत्र.

तक्रार न होण्याचं खरं कारण नियमांचं अज्ञान नसतंच बहुतेक. मंडळातली पोरं शेजारचीच असतात, वरात ओळखीच्याची असते, आणि 'एका लेकरासाठी आमचा कार्यक्रम बंद पाडला' हे बोल वर्षभर ऐकावे लागतात. २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाउडस्पीकरच्या एका प्रकरणात दिलेल्या निकालात याचाच विचार दिसतो. आवाजाची तक्रार आली तर पोलिसांनी तक्रारदाराच्या ओळखीची पडताळणी करत बसू नये, आणि ओळख कळलीच तर ती समोरच्याला सांगू नये, असं न्यायालयाने म्हटलं. न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या या शहरातही तो निकाल तितकाच लागू आहे. फोन ११२ वर करायचा.